आफ्रिकेतल्या शहरांवर संशोधन करताय? आधी ‘शहर’ कोणी मोजलं ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा: भूगोल किंवा अर्थशास्त्रात पीएच.डी.साठी ‘आफ्रिकेचं नागरीकरण’ हा विषय घ्यायचा आहे. या संशोधनाची दिशा कशी बदलत गेली, सध्या कशावर काम चाललंय, आकडे कुठून घ्यावेत, आणि पुण्या-मुंबईत बसून यातलं कितपत करता येईल?

सिद्धान्तांची यादी पाठ करण्यापासून सुरुवात करू नका. या क्षेत्रातली मोठी वळणं बहुतेक वेळा मोजणी बदलल्यामुळे आली आहेत. त्यामुळे आधी आकड्यांचं कूळ समजून घ्या, सिद्धान्त त्यानंतर.

संयुक्त राष्ट्रांच्या नागरीकरण अंदाजांच्या (‘वर्ल्ड अर्बनायझेशन प्रॉस्पेक्ट्स’) २०१८ च्या आवृत्तीत आफ्रिकेतले ४३ टक्के लोक शहरी आहेत. ‘आफ्रिकापोलिस’ या माहितीसंचात २०१५ सालीच निम्मे लोक शहरी आहेत, म्हणजे ५६ कोटी ७० लाख. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. संयुक्त राष्ट्रं तेव्हा प्रत्येक देशाची स्वतःची व्याख्या जशीच्या तशी घेत होती. इथिओपियात २,००० वस्तीचं गाव शहर ठरतं, घानात ५,००० लागतात, नायजेरियात २०,०००. इजिप्तमध्ये तर लोकसंख्येचा संबंधच नाही, ते ठिकाण प्रशासकीय मुख्यालय आहे की नाही एवढंच पाहतात. आफ्रिकापोलिस सगळीकडे एकच फूटपट्टी लावतं: दोन इमारतींमधलं अंतर २०० मीटरपेक्षा कमी असलेली सलग वस्ती आणि तिच्यात किमान १०,००० माणसं. या फूटपट्टीने इजिप्त ९० टक्क्यांच्या वर शहरी निघतो, सरकारी आकडा मात्र ४३ टक्क्यांच्या आसपास घुटमळतो. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातली गावं एकमेकांना चिकटलेली आहेत, पण कागदावर ती गावंच राहिली. आपल्या जनगणनेत ५,००० वस्ती, दर चौरस किलोमीटरला ४०० माणसं आणि ७५ टक्के पुरुष कामकरी शेतीबाहेर, या तीन अटींवर गाव ‘जनगणना नगर’ ठरतं आणि तरी तिथे ग्रामपंचायतच असते. ही भानगड ज्याला माहीत आहे त्याला इजिप्तचा घोळ चटकन कळेल.

तिसरी फूटपट्टी २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मान्य केली. तिला ‘डिग्री ऑफ अर्बनायझेशन’ म्हणतात. जमिनीचे एक किलोमीटरचे चौकोन पाडायचे. दर चौकोनात किमान १,५०० माणसं असलेले सलग चौकोन मिळून ५०,००० वस्ती झाली तर ते शहर. ३०० ची घनता आणि ५,००० वस्ती असेल तर निमशहर. बाकी सगळं ग्रामीण. संयुक्त राष्ट्रांच्या २०२५ च्या आवृत्तीत हीच पद्धत वापरली आहे. म्हणून २०१८ आणि २०२५ च्या आवृत्त्यांचे आकडे एकाच आलेखावर जोडू नका. तो जोड म्हणजे नागरीकरण नव्हे, व्याख्येतला बदल असेल. प्रबंधात एखादी संख्या वापरण्यापूर्वी निदान दोन व्याख्यांनी काढून बघा, आणि निष्कर्ष उलटत असेल तर तसं लिहा.

कुठलीही फूटपट्टी निर्दोष नाही. पश्चिम केनियातलं किसी, दक्षिण इथिओपियातलं सोडो, नायजेरियातल्या ओनित्शाभोवतीचा पट्टा इथे शेतातच घरं आहेत आणि ती दाट आहेत. २०० मीटरचा नियम तिथे प्रचंड नागरी क्षेत्रं उभी करतो. त्यातल्या कित्येक घरांच्या मागच्या दारी केळी आणि मका असतो. याला शहर म्हणायचं का, हा आज एक खरा आणि खुला वादविषय आहे.

आता इतिहास, भराभर. पहिली फळी मानववंशशास्त्रज्ञांची. १९३७ मध्ये तेव्हाच्या उत्तर ऱ्होडेशियात, म्हणजे आजच्या झांबियात, ऱ्होड्स-लिव्हिंगस्टन संस्था निघाली. मॅक्स ग्लकमन, क्लाइड मिचेल, ए. एल. एप्स्टाइन यांनी तांब्याच्या खाणपट्ट्यातल्या कामगारांचा अभ्यास केला. खाणीत काम करणारा आफ्रिकी माणूस आधी खाणकामगार आहे, ‘टोळीवाला’ नंतर, असं त्यांचं म्हणणं. वसाहतीच्या सरकारला तो खेड्यातून तात्पुरता आलेला पाहुणा वाटायचा, त्यामुळे हे म्हणणं तेव्हा धाडसाचं होतं. त्याच सुमारास फ्रेंचमध्ये जॉर्ज बालांदिए ब्राझाव्हिलवर लिहीत होते. नायजेरियातून अकिन माबोगुंजे यांनी १९६० च्या दशकात योरुबा शहरं गोऱ्यांच्या आधीपासून आहेत हे ठामपणे मांडलं. पुढे हॅरिस आणि तोदारो यांनी १९७० मध्ये केनियाचं उदाहरण समोर ठेवून सांगितलं की माणूस शहरातला पगार बघून येत नाही, पगार गुणिले नोकरी मिळण्याची शक्यता असा हिशेब करून येतो. त्याच काळात कीथ हार्ट यांनी आक्रातल्या निमा वस्तीतल्या कामधंद्यांवरून ‘अनौपचारिक’ उत्पन्नाची कल्पना मांडली, आणि १९७२ च्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या केनिया अहवालाने ती जगभर नेली. आज आपण भारतात हा शब्द सर्रास वापरतो, तो आला आफ्रिकेतून.

मग झांबिया उलटला, आणि इथे जरा थांबायला हवं. १९८० च्या जनगणनेत तिथले सुमारे ४० टक्के लोक शहरी होते, २००० मध्ये सुमारे ३५ टक्के. एका देशाचं नागरीकरण मागे फिरलं. तांब्याचा भाव पडला, खाणींचं खाजगीकरण झालं, अन्नावरची सबसिडी गेली, आणि खाणपट्ट्यातले लोक गावी परतले किंवा शहरात येईनासे झाले. भूगोलतज्ज्ञ डेबोरा पॉट्स यांनी ही गोष्ट जनगणनांच्या आधारे वर्षानुवर्षं लावून धरली. हिशेब अगदी साधा आहे. १९९० ते २००० मध्ये कॉपरबेल्ट, म्हणजे खाणपट्ट्याचा प्रांत वर्षाला ०.८ टक्क्याने वाढला आणि देश २.४ टक्क्यांनी. जन्म-मृत्यूचं प्रमाण सगळीकडे सारखं धरलं तर वर्षाला १.६ टक्के माणसं प्रांतातून बाहेर गेली. पण एवढ्यावर थांबलात तर परीक्षक पकडतील. शहरात जन्मदर कमी असतो. त्या दशकात एड्समुळे शहरी मृत्यू वाढले होते. शिवाय प्रांतात ग्रामीण भागही येतो. या तिन्ही गोष्टी वजा केल्यावर जे उरेल ते स्थलांतर. २०१० च्या जनगणनेत झांबिया पुन्हा ४० टक्क्यांच्या जवळ आला, त्यामुळे ‘आफ्रिका गावाकडे परतली’ हा निष्कर्षही टिकत नाही.

हीच वजाबाकी बाकीच्या खंडाला लावली की दिसतं, अनेक शहरांची वाढ खेड्यातून आलेल्या लोंढ्यापेक्षा शहरातच जन्मलेल्या मुलांमुळे आणि गावं ‘शहर’ ठरल्यामुळे होते आहे. ‘खेड्यातून लोंढे येत आहेत’ हे वाक्य अजून कित्येक अहवालांच्या पहिल्या पानावर असतं. ते दिसलं की पुढचं पान सावधपणे वाचा.

अर्थशास्त्रज्ञांचा प्रवाह याच सुमारास वेगळा झाला. २००० मध्ये जागतिक बँकेच्या एका निबंधाने विचारलं, उत्पन्न वाढत नसताना शहरं कशी वाढतात? २०१६ मध्ये गोलिन, जेडवाब आणि व्होलराथ यांनी दिलेलं उत्तर आज सगळ्यात जास्त उद्धृत होतं. तेल, तांबं, कोको विकून आलेला पैसा शहरात खर्च होतो आणि त्या खर्चावर दुकानदार, शिपाई, हॉटेलवाले जगतात. ही ‘उपभोगाची शहरं’. कारखान्यांवर उभी राहिलेली ‘उत्पादनाची शहरं’ वेगळी. मांडणी देखणी आहे, पण ती वापरताना लोक एक चूक करतात: देश पातळीवरचा निष्कर्ष सरसकट प्रत्येक शहरावर चिकटवतात. अंगोलाचं तेलाच्या पैशावरचं लुआंडा आणि इथिओपियाचं कारखान्यांचं हवासा एका खणात बसत नाहीत. हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि डाइशमान यांचा २०१७ चा निबंध या दृष्टीने जास्त शिकवतो. पाऊस कमी झाला की लोक शहराकडे वळतात का, हा त्यांचा प्रश्न होता. वळतात, पण ज्या जिल्ह्यातल्या शहरात बाहेर विकता येईल असा माल बनत होता तिथेच. बाकी ठिकाणी दुष्काळाने शहरही गरीब होतं, कारण शहराचं गिऱ्हाईक शेतकरीच असतो. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या बाजारपेठेत दुष्काळी वर्ष काढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रवाह सिद्धान्ताचा. जेनिफर रॉबिन्सन, अब्दूमलिक सिमोन, एडगर पीटरसे, आशिल म्बेंबे यांनी २००० नंतर मांडलं की आफ्रिकी शहराला ‘लंडन व्हायचं राहून गेलेलं शहर’ म्हणून बघणं थांबवा. सिमोन यांची ‘माणसं हीच पायाभूत सोय’ ही कल्पना जोहान्सबर्गच्या आतल्या भागावरून आली. नळ-रस्ते नाहीत तिथे ओळखी, मध्यस्थ, उसनवारी यांवर शहर चालतं. व्हॅनेसा वॉटसन यांनी लागोसचं एको अटलांटिक, केनियाचं कोंझा अशा नव्या शहरांच्या काचेच्या आराखड्यांवर नेमकं बोट ठेवलं. या प्रवाहाचं ऋण मोठं आहे. पण त्यातलं बरंचसं लेखन केपटाऊन, जोहान्सबर्ग, नैरोबी, लागोस या चारांभोवती फिरतं, आणि दक्षिण आफ्रिकेचं वर्णभेदाने आखलेलं शहर हा खंडाचा नमुना नव्हे, अपवाद आहे. नुसत्या या शब्दावलीवर प्रबंध उभा करू नका. तिला एखादी मोजता येणारी गोष्ट जोडा: पाण्याच्या टँकरचा दर, भाड्याच्या खोलीची पावती, मटाटूचा, म्हणजे केनियातल्या खाजगी मिनीबसचा, मार्ग.

सध्याची लाट उपग्रहांची आहे, आणि भारतात बसून काम करणाऱ्याला तीच सगळ्यात सोयीची. सामग्री फुकट मिळते. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राचा ‘जीएचएसएल’ संच १९७५ पासून दर पाच वर्षांची बांधीव जमीन देतो. सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहांची चित्रं १० मीटरची आहेत आणि २०१५ पासून मिळतात. गूगलच्या ‘ओपन बिल्डिंग्ज’ची २०२१ मधली पहिली आवृत्ती आफ्रिकेचीच होती, त्यात ५१ कोटी ६० लाख इमारती. प्रत्येक इमारतीला खात्रीचा गुणांक असतो. कमी गुणांकाच्या न गाळता सगळ्या इमारती मोजल्यात तर खडक, कुंपणं आणि गवताच्या गंज्याही ‘घरं’ होतील.

चुका कुठे होतात? सहाराच्या दक्षिणेच्या कोरड्या साहेल पट्ट्यात, म्हणजे वागाडुगु, नियामे इथे, उन्हाळ्यातली उघडी लाल माती आणि मातीची घरं उपग्रहाला एकाच रंगाची दिसतात. तिथे पावसाळ्यानंतरची, गवत हिरवं असतानाची चित्रं घ्या. उलट दुआला, लिब्रेव्हिल इथे ढग हटतच नाहीत, म्हणून ढगांतून आरपार बघणारं सेंटिनेल-१ चं रडार वापरावं लागतं. जुन्या वर्षांची चित्रं भरड असल्याने १९७५ ची लहान गावं निसटतात, आणि मग नंतरची वाढ आहे त्यापेक्षा जास्त दिसते. म्हणून हाताने तपासणी टाळू नका. शहराच्या कडेला किमान २०० बिंदू यादृच्छिक टाका, प्रत्येक बिंदू मोठ्या चित्रात डोळ्यांनी बघा आणि चुकांचा तक्ता परिशिष्टात द्या. मधल्या भागात संच सहसा बरोबर असतात, चुकतात ते कडेला, आणि तुमचा प्रश्न बहुधा कडेबद्दलच असतो.

उपग्रहाने टिपलेल्या रात्रीच्या उजेडाचं वेगळं. १९९२ ते २०१३ चा जुना संच ० ते ६३ अशा मापात आहे, आणि मोठ्या शहरांचा मध्य ६३ वर जाऊन अडकतो. २०१२ नंतरचा व्हीआयआयआरएस संच बारीक आहे, पण तो मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास टिपलेला असतो. जुन्या उपग्रहाची वेळ संध्याकाळनंतरची. दोन्ही थेट जोडू नका. नायजर नदीच्या त्रिभुज प्रदेशात तेलविहिरींवर जळणारा वायू महानगरासारखा चमकतो, तो भाग आधी वगळा. आणि उजेड म्हणजे वीज, माणसं नव्हेत. वीज न पोचलेलं वीस हजारांचं गाव या नकाशात काळंच राहतं.

सगळ्यात मोठा सापळा लोकसंख्येच्या जाळीदार नकाशांचा. ‘वर्ल्डपॉप’ १०० मीटरच्या चौकोनात माणसं दाखवतं. ती माणसं तिथे कोणी मोजलेली नसतात. जिल्ह्याचा जनगणनेचा आकडा रस्ते, इमारती, रात्रीचा उजेड यांच्या आधाराने वाटून दिलेला असतो. तोच आकडा घेऊन ‘उजेड आणि लोकसंख्येचा संबंध’ काढलात तर घातलेलंच परत काढलं. आणि आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? काँगोची, म्हणजे किन्शासाच्या काँगोची, शेवटची जनगणना १९८४ ची. नायजेरियाची २००६ ची, आणि तीही वादग्रस्त: जनगणनेने लागोस राज्य ९१ लाखांचं ठरवलं, राज्य सरकारने स्वतः मोजून १ कोटी ७५ लाख सांगितले. डोक्यांच्या संख्येवर केंद्राचा पैसा आणि जागा ठरत असतील तर दोन्ही बाजूंचं भांडण समजण्यासारखं आहे.

किबेराचं उदाहरण हाताशी ठेवा. नैरोबीतल्या या वस्तीत दहा लाख लोक राहतात असं वर्षानुवर्षं छापलं गेलं. २००९ च्या जनगणनेत निघाले १,७०,०७०. क्षेत्र साधारण अडीच चौरस किलोमीटर. दहा लाख धरले तर माणशी अडीच चौरस मीटर जमीन येते, त्यात गल्ल्या, गटारं, शौचालयंही आली. बहुतेक घरं एकमजली. हे बसतच नाही. हा भागाकार करायला पाच मिनिटं लागतात, तरी आकडा अहवालातून अहवालात जात राहिला. धारावीबद्दल छापून येणारे आकडेही असेच क्षेत्राने भागून बघावेत.

वस्तीने स्वतःला मोजण्याचा प्रवाहही आता संशोधनात मानाने आला आहे, आणि इथे मुंबईचा धागा खरा आहे. १९८५ मध्ये ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या परिसरातल्या फुटपाथवासीयांची गणना केली. पुढे जोकिन अर्पुथम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ आणि महिला मिलन यांच्यासोबत ही रीत दक्षिण आफ्रिकेत गेली, आणि १९९६ मध्ये निघालेल्या आंतरराष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटनेतून केनिया, युगांडा, मलावीपर्यंत. दारावर रंगाने क्रमांक, हाताने काढलेला नकाशा, घरोघर प्रश्नावली, मग यादी सगळ्यांसमोर वाचून चुका दुरुस्त करायच्या. तिची मर्यादा अशी की भाडेकरू आणि घरमालक यांचे हितसंबंध वेगळे असतात, आणि यादी कोणी लिहिली त्यावर कोण गळतं ते ठरतं.

विषय निवडताना महानगरं सोडा. आफ्रिकापोलिसमध्ये साडेसात हजारांवर नागरी वस्त्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक लहान. लेखन मात्र मूठभर राजधान्यांवर. जमिनीचा प्रश्न सोन्याची खाण आहे. घानात कुमासीच्या कडेला जमीन प्रथेनुसार मुखियांच्या ताब्यात असते, तीच आखून विकली जाते आणि एकच प्लॉट दोघांना विकल्याचे खटले चालतात. दार-एस-सलाम आणि इतर शहरांवरचं मायकल्स आणि सहकाऱ्यांचं काम पद्धतीसाठी जरूर वाचा. टांझानियात १९७० आणि ८० च्या दशकांत जागतिक बँकेच्या पैशातून काही मोकळ्या जमिनींवर आधी रस्ते-पाणी देऊन प्लॉट पाडले, आणि काही ठिकाणी आधीच्या दाट वस्त्या सुधारल्या. काही दशकांनी मोकळ्या जागी आखलेल्या भागात घरं मोठी आणि रांगेत, सोयी बऱ्या. हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं तुलनेला घेतली, ही त्यातली युक्ती. तुम्हाला अशी हद्द सापडली तर निम्मा प्रबंध झाला. उष्णता आणि पूर यांवरही खूप लिहिलं जातंय, पण त्यात आकडे कमी आणि आवाज मोठा.

घरोघरच्या पाहण्यांपैकी डीएचएसवर, म्हणजे लोकसंख्या आणि आरोग्य पाहणीवर, सगळे विसंबतात. तिच्या समूहांची ठिकाणं गोपनीयतेसाठी मुद्दाम हलवलेली असतात, शहरी २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण ५ पर्यंत, त्यातले एक टक्का १० पर्यंत. त्यामुळे गल्ली पातळीचा निष्कर्ष तिच्यातून काढता येत नाही. २०२५ मध्ये तिचा अमेरिकी निधी थांबला, पुढच्या फेऱ्यांवर बेत आखू नका. ‘आयपम्स’ या संग्रहात बऱ्याच देशांच्या जनगणनांचे सहसा १० टक्के नमुने नोंदणी करून मिळतात. जिल्ह्यांच्या हद्दी मात्र तपासा. युगांडात १९९१ मध्ये चाळीसच्या आत जिल्हे होते, आता १३० च्या वर. आयपम्सने जुळवलेल्या हद्दी असतील तर त्याच वापरा.

प्रत्यक्ष जायचं असेल तर क्रम असा: आधी स्थानिक संस्थेशी संलग्नता, मग तिथल्या नीतिसमितीची मंजुरी, मग देशाचा परवाना, मग जिल्हा किंवा काउंटी कार्यालयाचं पत्र. केनियात परवाना नाकोस्टी देतं, टांझानियात कोस्टेक, युगांडात यूएनसीएसटी. हे सगळं चार ते सहा महिन्यांत बसवा, आणि विमानाचं तिकीट परवाना हातात आल्यावरच काढा. परवाना नसलेली मुलाखत पुढे प्रसिद्ध करताना अडचण येऊ शकते. मुलाखती घेणारे त्या वस्तीतले हवेत, आणि त्यांची नावं आभारात नाही, लेखकांत यावीत अशी अपेक्षा आता तिथले सहकारी उघडपणे करतात. ती रास्त आहे.

डाकार, आबिजान, किन्शासा घेत असाल तर वाचण्यापुरती फ्रेंच पहिल्या वर्षातच करा. इंग्रजीतले आढावे हा सगळा पट्टा चार ओळींत उरकतात. मुंबई विद्यापीठात १९७१ पासून आफ्रिका अभ्यास केंद्र आहे, तिथली जुनी नियतकालिकं एकदा चाळा. सरकारी संस्थेत असाल तर ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’मधून २०२५ पासून बहुतेक महागडी नियतकालिकं मिळतात. पहिल्या तीन महिन्यांचं काम एवढंच ठेवा: एक देश, दोन जनगणना, एक उपग्रह संच, आणि त्या देशातल्या पाच लहान गावांच्या हद्दी स्वतः हाताने आखून तिन्हींशी ताडून बघणं.